प्रशिक्षकाची वही आणि एआय

सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्यासारख्या तालुक्याच्या गावात प्रशिक्षणाचा व्यवसाय बहुधा एकाच माणसाच्या जिवावर चालतो. पोलीस भरतीची अकॅडमी चालवणारे सर पहाटे मैदानावर स्टॉपवॉच घेऊन उभे असतात, दहा वाजता अंकगणिताचा तास घेतात, दुपारी पुढच्या सराव परीक्षेची प्रश्नपत्रिका काढतात आणि रात्री फीचा हप्ता राहिलेल्या पालकांना फोन लावतात. नवोदय आणि शिष्यवृत्तीचा क्लास घेणाऱ्या मॅडम, खो-खोचा संघ बांधणारे क्रीडाशिक्षक, बुद्धिबळ शिकवणारा एखादा तरुण यांचे दिवसही फारसे वेगळे नसतात. शिकवणे हा या व्यवसायाचा गाभा असला, तरी बरेच तास लिहिणे, मोजणे, तपासणे आणि आठवण करून देणे यांतच जातात. कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे आता सगळ्यांच्या तोंडी बसलेले ‘एआय’, या व्यवसायात शिरते ते याच तासांतून.

प्रशिक्षकाच्या उपयोगाचे एआय मुख्यतः दोन प्रकारचे. एक भाषेचे. ओपनएआय कंपनीचे चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुले झाले. गूगलचे जेमिनाय, अँथ्रोपिकचे क्लॉड ही त्याच जातीची साधने. अफाट मजकूर वाचून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येतो याचे आडाखे त्यांनी बांधलेले असतात आणि त्या आडाख्यांवर ती उत्तर रचतात. मराठी त्यांना समजते, बोललेलेही समजते. दुसरा प्रकार दृष्टीचा: फोटोतला मजकूर वाचणे, उत्तरपत्रिकेवरचे काळे केलेले गोल ओळखणे, धावणाऱ्या माणसाच्या व्हिडिओत गुडघा, घोटा, खांदा कुठे आहे ते शोधणे. या दोन्ही प्रकारांना जगाची पुष्कळ माहिती असते. समोरच्या बाकावर बसलेल्या मुलाची काडीचीही नसते.

ही उणीव कशी भरून निघते याचे जवळचे उदाहरण शेतीतले आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने ऊसशेतीत एआयचा प्रयोग केला. उपग्रहाची चित्रे, हवामान केंद्राच्या नोंदी आणि मातीत रोवलेल्या संवेदकांची आकडेवारी एकत्र करून पाणी, खत आणि कीड यांबद्दलचा सल्ला शेतकऱ्याच्या फोनवर पाठवला जातो. उसाबद्दलची सर्वसाधारण माहिती कोणत्याही पुस्तकात मिळते. त्या सल्ल्याला मोल आले ते त्या विशिष्ट रानाच्या नोंदींमुळे. प्रशिक्षकाच्या व्यवसायात संवेदकाची जागा हजेरीपट, गुणवही आणि मैदानावरच्या वेळांची डायरी यांची आहे. ज्याच्याकडे ही वही आहे त्याला एआयचा उपयोग पहिल्या आठवड्यापासून होऊ लागतो. ज्याच्याकडे नाही, त्याला महागातले महाग साधन घेऊनही कोणत्याही गावच्या कोणत्याही मुलाला लागू पडेल असाच सल्ला मिळतो.

यंत्र आणि प्रशिक्षक एकत्र नांदण्याचा जुना अनुभव बुद्धिबळाचा आहे. १९९७ मध्ये आयबीएमच्या डीप ब्लू संगणकाने विश्वविजेत्या गॅरी कास्पारोव्हला हरवले, तेव्हा आता या खेळात माणसाने शिकवण्यासारखे काय उरले, असे अनेकांना वाटले. आज स्टॉकफिश हे विनामूल्य इंजिन साध्या फोनवर चालते आणि जगातल्या कोणत्याही ग्रँडमास्टरपेक्षा सरस खेळते. तरीही प्रशिक्षक संपले नाहीत. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला. तिच्या पिढीचे सगळे खेळाडू इंजिनच्या सोबतीनेच वाढले आहेत, आणि त्यांना प्रशिक्षकही आहेत. कारण सरळ आहे. विसाव्या चालीत घोडा चुकीच्या घरात गेला हे इंजिन क्षणात सांगते. पण मुलाने तो तिथे का नेला, घाईने, भीतीने की आधीच्या डावातली आठवण डोक्यात होती म्हणून, हे त्याला विचारावेच लागते. बुद्धिबळाचा क्लास घेणाऱ्याने मुलांचे डाव इंजिनातून काढून प्रत्येकाच्या मोठ्या चुका वेगळ्या केल्या, तर पूर्वी डाव तपासण्यात जाणारा वेळ त्या एका ‘का’साठी मोकळा होतो. बाकीच्या क्षेत्रांतही कामाची वाटणी साधारण अशीच पडते.

भरती अकॅडमी आणि क्लास यांत सर्वांत आधी हलके होते ते प्रश्नपत्रिका काढण्याचे काम. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीची लेखी परीक्षा १०० गुणांची आणि ९० मिनिटांची असते. अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी हे तिचे विषय. दर आठवड्याला एक पूर्ण सराव परीक्षा घ्यायची तर महिन्याला चारशे प्रश्न लागतात. बाजारातल्या प्रश्नसंचांतून ते उचलले की मुलांनी आधीच सोडवलेले निघतात. एआयकडून नवे प्रश्न मिळतात, पण ‘शेकडेवारीवर पंधरा प्रश्न दे’ एवढ्याच सूचनेवर मिळतात ते पुस्तकी आणि एकसुरी. सूचना सविस्तर असली की काम वेगळे होते: मुले कोणत्या परीक्षेची तयारी करत आहेत, किती प्रश्न सोपे आणि किती अवघड हवेत, आकडे कशावर बेतायचे, प्रत्येक प्रश्नाची रीत पायरीपायरीने द्यायची, आणि मुख्य म्हणजे चुकीचे पर्याय कसे निवडायचे.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. बहुपर्यायी प्रश्नाचा कस चुकीच्या पर्यायांत असतो. समजा प्रश्न असा आहे: ज्वारीचा भाव क्विंटलला ३,००० रुपये होता, तो आधी २० टक्के वाढला आणि मग २० टक्के उतरला, तर आता किती? भाव ३,६०० वर जाऊन २,८८० वर येतो, म्हणजे मूळ भावापेक्षा ४ टक्के कमी. ‘३,०००’ हा पर्याय दिलेला असला, तर वाढ आणि घट एकमेकांना कापतात असे समजणारा मुलगा नेमका तिथे सापडतो. ‘प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे मुलांची कोणती चूक आहे ते लिही’ एवढी ओळ सूचनेत घातली, की साधन असे पर्याय रचते. मग मुलाने कोणता गोल काळा केला यावरून त्याचे काय चुकते हेही कळते.

सामान्य ज्ञानात मात्र जपून चालावे लागते. भाषेचे एआय न अडखळता चूक सांगते, आणि विषय जितका स्थानिक तितका त्याचा पाय घसरण्याचा संभव जास्त. मंगळवेढ्याचेच पाहावे. हे कलचुरींच्या राजधानीचे गाव. बसवेश्वरांचा येथे वास होता. चोखामेळा, कान्होपात्रा आणि दामाजीपंत ही नावे या गावाशी जोडलेली आहेत. इथल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चोखोबांचा मृत्यू मंगळवेढ्यात गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून झाला आणि समाधी पंढरपुरात विठ्ठल मंदिरासमोर आहे, असे परंपरा सांगते. ‘मृत्यू कुठे’ आणि ‘समाधी कुठे’ या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत मिसळून देणे यंत्राला सहज शक्य आहे, आणि परीक्षेत नेमके असेच प्रश्न येतात. चालू घडामोडींचीही तीच गत: साधनाचा अभ्यास एका तारखेपर्यंतचा असतो, त्यानंतरचे त्याला इंटरनेटवर शोधायला लावावे लागते. व्याकरणात समास, प्रयोग आणि वाक्प्रचारांचे अर्थ यांवर त्याच्या शब्दाचा भरवसा धरू नये. मधूनच हिंदी वळणाची वाक्येही डोकावतात.

यावर एक चांगला उपाय आहे. प्रश्न यंत्राच्या आठवणीतून काढून न घेता प्रशिक्षकाने दिलेल्या मजकुरातूनच काढून घ्यायचे. पाठ्यपुस्तकाचे प्रकरण, शासनाची पुस्तिका, स्वतःच्या नोट्स साधनाला द्यायच्या आणि याबाहेरचे काही घेऊ नकोस असे बजावायचे. गूगलचे नोटबुकएलएम अशाच कामासाठी आहे; उत्तर मजकुरात कुठे आहे ते दाखवत असल्याने पडताळणी सोपी जाते. भरतीची जाहिरात वाचण्यासाठीही हीच पद्धत सोयीची. वयोमर्यादा, समांतर आरक्षण, नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत यांवर मुले वारंवार तेच ते प्रश्न विचारतात. जाहिरातीची पीडीएफ देऊन त्यावरून साध्या मराठीत प्रश्नोत्तरांचे एक पान करून घेतले, मूळ जाहिरातीशी ताडून पाहिले आणि ग्रुपवर टाकले, की आठवडाभराचे फोन वाचतात. ताडून पाहण्याची पायरी गाळता येत नाही. चुकीच्या तारखेमुळे एका मुलाचा अर्ज बाद झाला, तर त्याचे वर्ष जाते.

परीक्षा झाल्यावरचे काम याहून मोलाचे आहे आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. साठ मुलांनी शंभर प्रश्न सोडवले म्हणजे सहा हजार उत्तरे जमली. त्यांतून बहुतेक ठिकाणी फक्त गुणानुक्रमाची यादी काढून भिंतीवर लावली जाते. फोनच्या कॅमेऱ्याने ओएमआर शीट वाचणारी ॲप आता सहज मिळतात, आणि तो तक्ता एआयला दिला की प्रश्नवार विश्लेषण मिळते. शिक्षणशास्त्रात त्याची जुनी रीत आहे. प्रत्येक प्रश्न किती टक्के मुलांनी बरोबर सोडवला हे पाहायचे. मग वरच्या २७ टक्के आणि खालच्या २७ टक्के मुलांची उत्तरे शेजारी ठेवायची. एखादा प्रश्न हुशार मुलांचा चुकला आणि कच्च्या मुलांचा बरोबर आला, तर बहुधा उत्तरतालिकाच चुकलेली असते किंवा प्रश्न दुअर्थी असतो. एखादा प्रश्न सगळ्यांचाच चुकला, तर तो भाग शिकवण्यात राहून गेला. सराव परीक्षेचा खरा उपयोग इथे आहे, आणि एकट्या माणसाला हाताने हे काम आठवड्याच्या आठवड्याला करणे कधीच जमले नसते.

विश्लेषणातून पुढे प्रत्येक मुलासाठी वेगळा सराव निघू शकतो. एकाला काळ-काम-वेगाचे दहा प्रश्न, दुसरीला प्रयोग ओळखण्याचे दहा. सोलापूर जिल्ह्याला ही दिशा अनोळखी नाही. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड चिकटवून कविता, व्हिडिओ आणि गृहपाठ फोनवर पोहोचवले. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला. तिथल्या मुलींची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तके त्यांच्या भाषेत नव्हती, हीदेखील त्या कामामागची एक अडचण होती. मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडे, हुलजंतीच्या बाजूला कर्नाटकाची हद्द लागते आणि घरात कन्नड बोलणारी मुले तिथेही भेटतात. क्यूआर कोडमागचा धडा सर्वांना एकच होता. आता तोच धडा एकाला मराठीत, दुसऱ्याला कन्नड शब्दांच्या आधाराने आणि तिसऱ्याला दोन पायऱ्या सोपा करून देणे प्रशिक्षकाच्या आवाक्यात आले आहे. कन्नड मजकूर एखाद्या जाणकाराकडून एकदा वाचून घेतलेला बरा.

मोठ्या उत्तरांच्या परीक्षेत एआयचा उपयोग वेगळा. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाल्याने उत्तरलेखन तपासणे हा क्लासपुढचा मोठा प्रश्न बनला आहे. हस्ताक्षरातल्या उत्तराचा फोटो वाचून मुद्दे सुटले का, प्रश्नाच्या प्रत्येक भागाला उत्तर मिळाले का, हे साधन बऱ्यापैकी सांगते. गुण मात्र ते सैल हाताने देते आणि तेच उत्तर पुन्हा दिले तर वेगळे देऊ शकते. म्हणून पहिली चाळणी यंत्राची आणि गुण माणसाचे, अशी वाटणी ठेवावी.

मैदानावरच्या यंत्राच्या उपयोगाबद्दल कमी बोलले जाते. खरे तर पोलीस भरतीत निवडीचा निकाल पुष्कळदा तिथेच लागतो. शारीरिक चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर धावणे २० गुणांचे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक प्रत्येकी १५ गुणांचे. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. १६०० मीटरमध्ये पूर्ण गुणांसाठी ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत यावे लागते, म्हणजे ४०० मीटरची प्रत्येक फेरी सरासरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. सहा मिनिटांच्या आसपास अडकलेल्या मुलाच्या चारही फेऱ्यांच्या वेळा डायरीत असतील, तर त्याची अडचण कागदावरच दिसते: पहिली फेरी सत्तर सेकंदांत, तिसरी शंभरच्या पुढे. दम कमी आहे हे तर आहेच, पण ताकद कशी वाटून वापरायची हेही त्याला कळलेले नाही. रोजच्या वेळा बोलून सांगितल्या तरी एआय त्यांचा तक्ता करते, महिन्याचा आलेख काढते आणि कोण कुठे थांबला आहे ते दाखवते.

त्याच नोंदींवरून सरावाचा आराखडाही मागता येतो. इथेही मागणाऱ्याने परिस्थिती सांगितली पाहिजे. न सांगितल्यास आराखडा परदेशी धावपटूंच्या पुस्तकातून आल्यासारखा येतो: सिंथेटिक ट्रॅक, ओट्सचा नाश्ता, दुपारची झोप. मुलगा पहाटे धावून शेतात पाणी धरायला जातो, मैदान दोनशे मीटरचे आणि कडक आहे, जेवणात ज्वारीची भाकरी, डाळ, शेंगदाणे आहेत, पायात साधे बूट आहेत, सुगीच्या महिन्यात दोन आठवडे सराव बुडणार आहे, एवढे लिहिले की आराखडा जमिनीवर येतो. नडगी दुखत असताना धावत राहायचे का, छातीत धडधडते आहे त्याचे काय, हे प्रश्न मात्र यंत्राकडे नेऊ नयेत. ते डॉक्टरांचे आहेत.

व्हिडिओचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. १०० मीटर साडेबारा सेकंदांत धावणारा मुलगा सेकंदाला ८ मीटर जातो. साधा व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रे टिपतो, म्हणजे दोन चित्रांच्या मधे तो सुमारे २७ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. पाऊल जमिनीला नेमके कुठे लागले ते हुकते. फोनच्या स्लो-मोशनमध्ये २४० चित्रे मिळाली तर हे अंतर साडेतीन सेंटिमीटरच्या आत येते. गूगलच्या मीडियापाइपसारखी मुक्त साधने अशा व्हिडिओतून शरीरावरचे ३३ बिंदू ओळखतात आणि त्यांवर उभी असलेली ॲप सांध्यांचे कोन मोजतात. गोळाफेकीत गोळा हातातून सुटतानाचा कोन पाहता येतो. शाळेच्या पुस्तकात सर्वाधिक अंतरासाठी ४५ अंश सांगितलेले असतात, पण गोळा खांद्याच्याही वरून सुटतो आणि कोन वाढवला की हाताचा जोर कमी पडतो, त्यामुळे प्रत्यक्षात चांगला कोन पस्तिसाच्या आसपास असतो. मोजणीसाठी कॅमेरा फेकीच्या दिशेला काटकोनात, तिपाईवर स्थिर हवा. तिरका धरलेला फोन चुकीचा कोन अगदी दशांशापर्यंत अचूक सांगतो.

सांघिक देशी खेळांत अजून यंत्राची धाव तोकडी आहे. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष आणि महिला संघांनी नेपाळला हरवून विजेतेपद मिळवले; प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. सोलापूर जिल्ह्यात वेळापूरसारखे गाव या खेळासाठी ओळखले जाते. पण बाजारातली तयार साधने क्रिकेट, फुटबॉल आणि टेनिससाठी घडलेली आहेत. खांबावरची झेप किंवा साखळी पद्धतीने पळणे त्यांना ओळखता येत नाही. खो-खोच्या प्रशिक्षकाने म्हणून साधा मार्ग धरावा. सामना चालू असताना फोनमध्ये बोलून नोंदी करायच्या: कोणता संरक्षक किती सेकंद टिकला, कसा बाद झाला, आक्रमकाने कोणत्या चौकातून खो दिला. नंतर एआयकडून त्यांचा तक्ता करून घ्यायचा. दहा सामन्यांनंतर संघातले कोण खांबाजवळ बाद होते आणि कोण मधल्या चौकांत, हे प्रत्येकाला आकड्यांत दाखवता येते.

व्यवसायाची म्हणून जी बाजू आहे, ती कामाने सोपी आणि मोहाने अवघड. प्रवेशाच्या चौकशीला उत्तर, हजेरीचा निरोप, फीची आठवण, महिन्याचा जमाखर्च ही कामे एआय नीट करते. फीची आठवण लिहिताना गावाचे अर्थकारण ध्यानात घ्यावे. रब्बी ज्वारी निघाली, कारखान्याचे उसाचे बिल जमा झाले की घरात पैसा येतो. त्याआधी दर आठवड्याला यंत्राने धाडलेले तेच ते निरोप पालकांना बोचतात. सूचनेत एवढे लिहिले तर निरोपाची भाषा बदलते आणि तारखाही बदलता येतात. ज्या पालकांना वाचण्याची सवय नाही त्यांच्यासाठी छोटा आवाजी निरोप बरा, आणि तो सरांच्या स्वतःच्या आवाजातला असावा. यंत्राचा आवाज ओळखू येतो.

मोह जाहिरातीत असतो. एआयने मिनिटात फ्लेक्सची चित्रे होतात, न झालेली निवड झालेली दाखवता येते आणि सराव करणाऱ्या मुलाला चित्रात खाकी गणवेशही चढवता येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी कोचिंग क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. पन्नासपेक्षा अधिक विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या केंद्रांना ती लागू आहेत. यशस्वी उमेदवाराचे नाव, फोटो वा मनोगत त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरता येत नाही, आणि ही संमती निवड झाल्यानंतरची असावी लागते. उमेदवाराने कोणता कोर्स किती काळ केला तेही सांगावे लागते. नोकरीची किंवा निवडीची हमी देता येत नाही. खेळ, नृत्य, नाट्य यांचे प्रशिक्षण या व्याख्येतून वगळलेले असले, तरी खोटी जाहिरात म्हणजे फसवणूक, हा ग्राहक कायद्याचा सर्वसाधारण नियम तिथेही आहेच. शिवाय तालुक्याच्या गावात कोण खरोखर भरती झाला हे सगळ्यांनाच माहीत असते.

मुलांची माहिती हा त्याहून नाजूक भाग. भरती अकॅडमीत आधार कार्ड, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, वैद्यकीय कागद अशा सगळ्यांच्या प्रती जमतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरताना पालकांची पडताळता येणारी संमती हा त्यातला मुख्य दंडक आहे. व्यवहारात तीन सवयी उपयोगी पडतात. विश्लेषणाच्या तक्त्यात नावाऐवजी हजेरी क्रमांक घालायचा. दाखल्यांचे फोटो चॅटमध्ये टाकायचे नाहीत. मैदानावरचे व्हिडिओ, विशेषतः मुलींचे, पालकांना सांगून घ्यायचे आणि काम झाल्यावर पुसायचे. साधनाच्या सेटिंगमध्ये आपले संभाषण त्याच्या प्रशिक्षणासाठी वापरू न देण्याचा पर्याय बहुधा असतो. तो आधी शोधून ठेवावा. करिअर मार्गदर्शन किंवा समुपदेशन करणाऱ्यांना तर ही काळजी अधिकच घ्यावी लागते. समोरच्याने विश्वासाने सांगितलेले घरचे दुखणे त्याला न विचारता रेकॉर्ड करून यंत्राकडून त्याचा सारांश काढणे या व्यवसायात बसत नाही.

मुलेही एआय वापरतातच, आणि प्रशिक्षकाला त्याचा विचार करावा लागतो. तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गणिताचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये पुढे आले. साधे चॅटजीपीटीसारखे साधन मिळालेल्या मुलांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. साधन काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा मात्र ती, ज्यांना साधन दिलेच नव्हते त्यांच्यापेक्षा, १७ टक्क्यांनी मागे पडली. तिसऱ्या गटाचे साधन शिक्षकांच्या सूचनांनी बांधलेले होते. ते थेट उत्तर न देता इशारे देत असे. त्या गटात हा तोटा जवळजवळ दिसला नाही. भरतीच्या आणि स्पर्धा परीक्षेच्या केंद्रात फोन आत नेता येत नसल्याने हा निष्कर्ष इथल्या क्लासना तंतोतंत लागू पडतो. मुलांना ‘उत्तर सांगू नकोस, माझी पायरी कुठे चुकली तेवढे सांग’ अशी सूचना लिहून द्यावी आणि आठवड्याची एक परीक्षा कागद-पेनानेच घ्यावी.

खर्च हा फार मोठा अडसर राहिलेला नाही. विनामूल्य आवृत्तीवर बरेच काम भागते. ऑगस्ट २०२५ मध्ये चॅटजीपीटीने भारतासाठी महिना ३९९ रुपयांची योजना आणली आणि मोबाइल कंपन्याही आपल्या ग्राहकांना अशी साधने जोडून देऊ लागल्या. किमती आणि सवलती सतत बदलत असल्याने वर्षाचे पैसे एकदम भरण्यात शहाणपण नाही. ‘एआय शिकवतो’ म्हणून हजारो रुपये घेणारी दोन दिवसांची शिबिरे आता सगळीकडे भरतात. त्यांत जे सांगतात ते बहुतेक सारे साधनालाच मराठीत विचारून कळते.

सुरुवात एकाच कामापासून करावी, आणि ते काम सराव परीक्षेच्या विश्लेषणाचे असावे, कारण त्याचा परिणाम मोजता येतो. पहिल्या परीक्षेत कच्चे निघालेले तीन घटक टिपायचे, त्यांवर नव्याने शिकवायचे, प्रत्येकाला वेगळा सराव द्यायचा आणि महिन्याने त्याच घटकांवरचे वेगळे प्रश्न घालून पुन्हा मोजायचे. गुण सरकले तर मैदानाच्या वेळा आणि मग फीचे हिशेब त्यात आणावेत. नाही सरकले तर आधी नोंदी तपासाव्यात: हजेरी नीट लागते का, वेळा प्रत्येक फेरीच्या आहेत की फक्त शेवटच्या, उत्तरतालिका कुणी पडताळली होती का. नोंदी ठीक असूनही फरक पडत नसेल, तर त्या घटकापुरता साधनाचा वापर थांबवावा आणि तो तास पुन्हा फळ्यावर घ्यावा.